उंदराच्या उकिरड्यातून वाळवंट कसं वाचायचं

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात सग्वारो निवडुंगांनी भरलेले डोंगर पाहून वाटलं होतं, हे सगळं अनादिकाळापासून असंच उभं असणार. तसं नाही, हे मला कळलं ते उंदराच्या उकिरड्यामुळे. आता नऊ वर्षं झाली, दर शनिवारी मी एका प्रयोगशाळेत हे उकिरडे भिजवते, चाळते, निवडते. ज्यांना हे काम शिकायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पॅकरॅट हा इकडचा उंदीर. घरट्याभोवतीच्या तीस-पन्नास मीटरांतून काड्या, काटे, पानं, बिया, जे मिळेल ते खडकाच्या कपारीत आणून रचतो आणि त्यावरच मुततो. कोरड्या हवेत ते मूत्र आटून आधी काकवीसारखं दाट होतं, मग दगडासारखं कडक. पावसाचं पाणी लागलं नाही तर त्यात अडकलेलं पान ४०,००० वर्षंही टिकतं. १८४९मध्ये सोन्याच्या ओढीनं नेवाडातून जाणाऱ्या भुकेल्या माणसांना असा गोळा गोडाचा खाऊ वाटला. तो खाल्ला आणि त्यांना मळमळायला लागलं. तुटलेल्या कडेशी तो खरोखर चिक्कीसारखा चमकतो, त्यामुळे मला त्यांची चूक समजते. पुढे १९६१मध्ये फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेन्सन हे संशोधक नेवाडातल्या एका डोंगरावर जुनिपरची (एक सूचिपर्णी झाड) झाडं शोधायला चढले. जिवंत झाड एकही नव्हतं, पण कपारीतल्या उकिरड्यांत जुनिपरच्या डहाळ्या होत्या, म्हणजे पूर्वी तिथे ती झाडं होती. या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली.

आधी परवानगी काढा. सरकारी जमिनीवरून खडाही उचलायचा नाही. मग चुनखडीच्या किंवा ग्रॅनाइटच्या कोरड्या कपारी बघत चला. ताजं, सैल घरटं ढवळू नका. त्यात खुळखुळ्या साप असतो, रक्त पिणारे ढेकूण असतात आणि उंदरांच्या धुळीतून हंताव्हायरसची भीती असते. मास्क आणि हातमोजे कपारीपाशी पोचण्याआधीच चढवा. आपल्याला हवा तो काळपट, कडक, खडकाला चिकटलेला थर. छिन्नी-हातोडीनं नारळाएवढा तुकडा काढा.

तुकडा काढल्यावर लगेच निघू नका. त्या कपारीभोवती आज काय उगवलंय त्याची यादी करा. झुडूप, गवत, निवडुंग, सगळं. ही यादी नसेल तर तुलना कशाशी करणार?

प्रयोगशाळेत पहिलं काम म्हणजे वरची साल काढणं. दमट दिवसांत उकिरड्याचा पृष्ठभाग चिकट होतो आणि वाऱ्यानं येईल ते त्याला चिकटतं. सुरुवातीला एकदा मी साल अर्धवट काढली. जुनिपरच्या डहाळ्यांच्या जोडीनं गवताचं एक केसाळ कणीस निघालं आणि मी ते बघताक्षणी ओळखलं. अंजन गवत! सोलापूरकडच्या माळावर आमची मेंढरं हेच खायची. अ‍ॅरिझोनात ते माणसांनी विसाव्या शतकात आणलं, म्हणजे हिमयुगातल्या उकिरड्यात ते असणं शक्यच नव्हतं. तो सगळा नमुना बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून मी आतला गाभा लागेपर्यंत तासते.

मग बादलीत साधं पाणी घालून भिजत ठेवा. आठवडाभरात मूत्र विरघळतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं. साधारण एक मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा, धुवा, वाळवा. उरतं ते तांदूळ निवडल्यासारखं निवडायचं: सुया एका बाजूला, बिया एका बाजूला, काटे, लेंड्या. लेंड्या फेकू नका. थंड काळात पॅकरॅट अंगानं मोठे होते आणि ते लेंड्यांच्या आकारावरूनच कळलं.

वय रेडिओकार्बननं, म्हणजे अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढतात; त्या तपासणीला शक्यतो एकाच जातीचे अवशेष द्या, सरमिसळ नको. आणि रेडिओकार्बन वर्षं म्हणजे कॅलेंडरची वर्षं नव्हेत, हे वहीत प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

आता वाचन. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या प्वेर्तो ब्लांको डोंगरातले उकिरडे थॉमस व्हॅन डेव्हेंडर या संशोधकांनी अभ्यासले. सुमारे १४,००० रेडिओकार्बन वर्षांपूर्वी तिथे जुनिपर, पिन्यन पाइन आणि जोशुआ वृक्ष होते. साडेदहा हजारांच्या सुमाराला सग्वारो आला, पण जुनिपर अजून गेला नव्हता. आणि ज्याच्या नावानं तिथलं राष्ट्रीय स्मारक (म्हणजे राखीव रान) ओळखलं जातं तो ऑर्गन पाइप निवडुंग? तो उकिरड्यांत दिसतो जेमतेम साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून. अख्खं रान एकगठ्ठा हललं नाही. प्रत्येक जात आपल्या वेळेला निघाली, आपल्या चालीनं चालली. म्हणून एका जातीवरून सगळ्या रानाचा अंदाज बांधू नका; जात-जात वेगळी मांडा. एखादी जात सापडली नाही म्हणजे ती नव्हतीच असंही धरू नका, उंदराला ती आवडली नसेल.

काही झाडं जागा बदलत होती, तर काही पानं बदलत होती. उकिरड्यांतल्या लिंबर पाइनच्या सुया तपासल्या, तेव्हा हिमयुग सरताना त्यांच्यावरची रंध्रं (हवा आत घेण्याची बारीक छिद्रं) सुमारे १७ टक्क्यांनी विरळ झालेली दिसली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तेवढ्या रंध्रांची गरज उरली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अशी सुई पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते.

आणि एक. तुकडा कधीही सगळाच्या सगळा भिजवू नका. निम्मा कोरडाच पिशवीत ठेवा, वर जागा, तारीख आणि उंची लिहा. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या अशाच उकिरड्यांतून पुढे डीएनए काढता आला. भिजवलेल्या तुकड्याला ती संधी राहत नाही.