फिश टँकच्या फिल्टरची घरघर कमी कशी करायची

आमचा दोन फुटी टँक हॉलमध्ये आणि बाबा झोपतात पण हॉलमध्येच, त्यामुळे रात्री अकरा वाजले पंखा जरा हळू केला की "ते मशीन बंद कर रे" सुरू व्हायचं. आता रात्री फिल्टर बंद करणं हा उपाय नाहीये हे आधीच सांगतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे चांगले बॅक्टेरिया असतात त्यांना सतत ऑक्सिजनवालं पाणी लागतं, आणि टँकमध्ये झाडं असतील तर ती पण रात्री ऑक्सिजन घेतात, म्हणजे नेमकी जेव्हा गरज तेव्हाच तुम्ही हवा बंद करताय.

सगळ्यात आधी आवाज नक्की कुठून येतोय ते शोधा, लगेच दुकानात जाऊन "सायलेंट" लिहिलेला पंप आणू नका. रात्री टीव्ही पंखा सगळं बंद करा, मग टँकचं एकेक बटण बंद करत जा. कुठला डबा ओरडतोय ते कळलं की तो चालू ठेवून हाताने दाबून बघा, उचलून बघा. हातात धरल्यावर आवाज एकदम कमी झाला तर पंप बिचारा ठीक आहे, तो ज्यावर ठेवलाय ते लाकूड वाजतंय. माझ्याकडे हेच होतं, एअर पंप (नळीतून पाण्यात हवा सोडणारा डबा) स्टँडच्या पोकळ कपाटात ठेवलेला म्हणजे अक्षरशः ढोलकीवर ठेवल्यासारखा.

एअर पंपाचं कसं असतं, आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची, त्यामुळे आतली चुंबकाची पट्टी सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे हलते आणि रबरी डायफ्राम, म्हणजे हवा ढकलणारा पडदा, दाबते, थोडी घरघर राहणारच. ती लाकडात किंवा भिंतीत जाऊ द्यायची नाही एवढंच आपल्या हातात. खाली जाड फोम नाहीतर जुना माऊसपॅड दुमडून ठेवा, त्याहून भारी म्हणजे पंप इलॅस्टिकने लटकवा, कशालाही न टेकता. आणि लटकवायचाच तर पाण्याच्या लेव्हलच्या वर लटकवा, म्हणजे लाईट गेली तर नळीतून पाणी उलटं पंपात येणार नाही. खालीच ठेवायचा असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी छोटी झडप) हवाच, अगदी स्वस्त मिळतो. पण पंप टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा शहाणपणा करू नका, गरम होतो (मी केलाय, हात लावून चटका बसला तेव्हा कळलं). अजून एक, हा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, तेव्हा त्याच्या आसपास मच्छर मारायचा स्प्रे मारू नका.

कधीकधी पंप पहिल्यांदा शांत असतो आणि काही महिन्यांनी ओरडायला लागतो, तेव्हा एअर स्टोन बघा, म्हणजे नळीच्या पाण्यातल्या टोकाला असतो तो बुडबुडे सोडणारा बारीक छिद्रांचा दगड. तो चोंदला की हवा बाहेर पडत नाही, सगळा जोर डायफ्रामवर येतो, आवाज वाढतो आणि शेवटी रबर फाटतं. नळीतून स्टोन काढून बघा, आवाज उतरला तर नवीन स्टोन टाका, काम झालं. पंपाच्या खाली हवा आत जायला फेल्टचा छोटा तुकडा असतो कित्येक मॉडेलला, त्यावरची धूळ पण झटका.

आता पाण्यात बुडणारी मोटर, म्हणजे पॉवर फिल्टर. हात घालायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटण नाही, प्लग. खडखड आवाज असेल तर बहुतेक वेळा इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणारं छोटं फिरतं पातं) वाळूचा कण नाहीतर गोगलगायीचं पिल्लू अडकलेलं असतं. इम्पेलर ओढून काढा, तो चुंबकाने आत बसलेला असतो म्हणून जरा जोर लागतो, पण मधला शाफ्ट, म्हणजे तो ज्यावर फिरतो ती बारीक दांडी, बऱ्याचदा सिरॅमिकचा असतो, वाकडा ओढलात तर मोडेल. जुन्या टूथब्रशने इम्पेलर आणि आतली खोबण घासा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर बसतो, तो पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून निघतो, नंतर भरपूर पाण्याने धुवा. स्पंज मात्र टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. परत लावताना काचेवरचे रबरी कप बघा, ते कडक झाले की मोटर काचेला टेकून गुंगुं करत बसते. सुरू केल्यावर थोडा वेळ भुरभुर आवाज येतो तो आत अडकलेल्या हवेचा, फिल्टर पाण्यातच जरा तिरका करून हलवला की बुडबुडे निघून जातात.

टॉप फिल्टर किंवा मागे लटकणारा फिल्टर असेल तर धबधब्याचा जो आवाज येतो त्याला काहीच खर्च नाही, टँकमध्ये पाणी वाढवा, पडणारं पाणी इंचभराहून जास्त उंचीवरून पडायला नको. उन्हाळ्यात पाणी उडून लेव्हल खाली जाते म्हणून मे महिन्यात हा आवाज अचानक वाढतो. झाकण थरथरत असेल तर कडेला दाराला लावतात ती फोमची टेप चिकटवा.

एवढं करूनही मोटर खडखडतच असेल तर शाफ्ट नाहीतर इम्पेलर झिजलाय. पूर्ण फिल्टर घ्यायची गरज नसते, कित्येक मॉडेलचा इम्पेलर सुटा मिळतो, फक्त दुकानात जाताना जुना काढून खिशात घेऊन जा, कारण लांबी थोडी जरी वेगळी निघाली तरी बसत नाही आणि परत चक्कर पडते.