जपानमध्ये विद्यार्थी गाइडसोबत फिरताना
नारा, क्योटोसारख्या शहरांत कॉलेजची मुलं परदेशी पाहुण्यांना हौसेने शहर दाखवतात. मानधन घेत नाहीत. पण त्यांचा तिकीटखर्च, मंदिरांची प्रवेशफी आणि सोबत जेवलात तर जेवण, हा खर्च आपण करायचा. हे आधीच विचारून घ्या. परीक्षांच्या दिवसांत मुलं मिळणं अवघड, म्हणून दोन-तीन आठवडे अगोदर कळवा आणि बेत बदलला तर लगेच सांगा. टीप देण्याची तिथे पद्धत नाही. बऱ्याच जणांना इंग्रजीचा सराव हवा असतो, तेव्हा सावकाश बोला, त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या. नारातल्या तोदाइजी मंदिरातला सुमारे १५ मीटर उंच बुद्ध तर बघालच. पण त्यांचं कॉलेज, त्यांची रोजची वाट याविषयीही जरूर विचारा. मला तरी खरं शहर त्या गप्पांतच भेटलं.