'चूक झाली' हे इंग्रजीत कसं लिहायचं

मराठीत चूक 'होते'. 'नाव चुकलं', 'हिशोब चुकला' म्हटलं की कोणी चुकवला ते सांगावंच लागत नाही. मोठी सोय आहे ही. तीच वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत नेली की 'मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम मी' असं काहीतरी तयार होतं. म्हणून लिहिण्याआधी एक ठरवा: चूक कोणी केली ते सांगायचंय, की चूक कुठं आहे ते? आपण केली असेल तर 'आय मेड अ मिस्टेक'. फक्त जागा दाखवायची असेल तर 'देअर इज अ मिस्टेक इन द फॉर्म'. क्रियापद 'मेक'च, 'आय डिड अ मिस्टेक' सर्रास ऐकू येतं, पण चुकीचं आहे. तसंच 'चुकून' म्हणजे 'बाय मिस्टेक'.

आधारवर एक नाव, सातबारावर दुसरं, असा अर्ज असेल तर 'मिस्टेक ऑफ माय नेम' लिहू नका. 'माय नेम हॅज बीन स्पेल्ट राँगली इन द रेकॉर्ड. काइंडली करेक्ट इट.' एवढं पुरतं. नोंद उतरवताना कार्यालयात झालेली चूक असेल तर 'क्लेरिकल एरर' म्हणा. कोणावर बोट न ठेवता काम होतं. झेरॉक्स जोडायची आपणच विसरलो असू तर 'ड्यू टू ॲन ओव्हरसाइट'. आपल्या 'नजरचुकी'ला इतका नेमका शब्द दुसरा नाही. मात्र 'ओव्हरसाइट कमिटी' म्हणजे देखरेख समिती, चुका करणारी नव्हे. 'ब्लंडर' अर्जात नकोच, त्यात मूर्खपणाची छटा आहे.

यंत्र बिघडलं की 'मिस्टेक' चालत नाही. लाइनमध्ये 'फॉल्ट' असतो. पण 'इट्स माय फॉल्ट' म्हणजे दोष माझा, जबाबदारी माझी. फ्यूज उडाला तर 'द फ्यूज हॅज ब्लोन', रस्त्यात बस बंद पडली तर 'द बस ब्रोक डाउन'. डीपी जळाली तर 'द ट्रान्सफॉर्मर हॅज बर्न्ट आउट' लिहा; नुसतं 'डीपी' लिहिलं तर बाहेरच्याला मोबाइलवरचा फोटो आठवेल.

बियाण्याच्या तक्रारीत शब्द जपून वापरावा लागतो. 'डिफेक्टिव्ह सीड' म्हणजे दोष बियाण्यात आहे असा थेट आरोप. उगवण कमी झाली एवढंच माहीत असेल तर आधी आकडा द्या. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवले आणि 55 उगवले, तर 'ओन्ली 55 आउट ऑफ 100 सीड्स जर्मिनेटेड'. शेतातल्या पेरणीबद्दल 'मेनी सीड्स फेल्ड टू जर्मिनेट' म्हणता येतं. कारण खोल पेरणी होतं की ओल कमी पडली, हे त्या वाक्यात येत नाही, आणि तेच बरं.

'फेल'पाशी बहुतेक जण अडखळतात. 'ही इज फेल' असं इंग्रजीत नाही. 'ही फेल्ड इन मॅथ्स' म्हणा. 'ही इज अ फेल्युअर' म्हणजे एका विषयात नापास नव्हे, माणूसच वाया गेला. पोराबद्दल असं लिहू नये.

'बोअर फेल गेला' याची दोन वाक्यं होतात. पाणी लागलंच नाही तर 'द बोअरवेल केम अप ड्राय'. आधी पाणी होतं, उन्हाळ्यात आटलं, तर 'द बोअरवेल हॅज गॉन ड्राय'. पीक पूर्ण गेलं तर 'क्रॉप फेल्युअर', नुकसान झालं तर 'क्रॉप लॉस'. पावसानं दगा दिला, याला 'चीट' लावू नका. तिथं इंग्रजी माणूसही 'फेल'च वापरतो: 'द रेन्स फेल्ड'.