सायकलची हत्यारं घरीच करा, तीही जुन्या सायकलच्याच सामानातून

आपल्याकडे किनाऱ्यावर सायकल चालवण्यापेक्षा टिकवणं जास्त कठीण आहे. खारी हवा बारा महिने, त्यात जून ते सप्टेंबर पाऊस, वरून जांभ्याची लाल माती चेनमध्ये जाऊन बसते, म्हणजे शहरात वर्षातून एकदा सायकल उघडली तर चालतं तसं इथे चालत नाही, देवगड-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळ राहणाऱ्यांना तर नवीन नटबोल्टसुद्धा एका पावसाळ्यात लाल झालेले दिसतात. वारंवार उघडायची तर दरवेळी दुकानात नेणं परवडत नाही, आणि बऱ्याच गावांत दुकानच उरलेलं नाही. म्हणून पहिलं सांगणं हे की चेन बदलली, स्पोक तुटला, ट्यूब गेली तर काहीही भंगारात देऊ नका, निम्मी हत्यारं त्यातूनच होतात.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे चेनचा हूक. तुटलेल्या स्पोकचा चारेक इंचाचा तुकडा घ्या, पकडीने दोन्ही टोकं एकाच बाजूला वाकवा, झालं. चेन जोडताना दोन्ही टोकं या हुकात अडकवली की ती एकमेकांजवळ राहतात, ताण जातो आणि दोन्ही हात मोकळे. स्पोक साधारण 2 मिमी जाड असतो, चांगला कडक, म्हणून तोच घ्या, बांधकामाची बाइंडिंग वायर घेतलीत तर ती सरळ होऊन चेन सुटते.

चेन किती झिजली ते बघायला वेगळं गेज लागत नाही, स्टीलची एक फुटाची पट्टी पुरे (शाळेतली प्लास्टिकची नको, शिंप्याची टेप तर नकोच). सायकलच्या चेनची एक कडी बरोब्बर अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्यांचे 12 इंच. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, चेन ताणून, आणि 24 कड्या मोजून पुढची पिन कुठे येते बघा. 12 इंचावर आली तर उत्तम, 1/16 इंच पुढे गेली तर चेन बदला, 1/8 इंच पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दातेही बहुतेक गेलेत, नुसती नवीन चेन टाकून ती दात्यांवरून उड्या मारेल. हे वेळेवर बघितलं तर चेनच्या पैशात काम भागतं, त्यामुळे पट्टीवर हे दोन खुणेचे ओरखडे कायमचे काढून ठेवा.

आता जुन्या काळ्या सायकली. त्यांच्या क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीला, मधल्या आसावर घट्ट धरणारी पाचरीसारखी कॉटर पिन असते आणि खाऱ्या हवेने ती अशी जाम बसते की लोक सरळ हातोडा घालतात, पिन वाकते आणि सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर आणि कटोरीवर जातो. त्यासाठी प्लंबरकडून लोखंडी जीआय पाइपचा तुकडा आणा, भोक एवढं की पिनचं जाड डोकं आत जाईल पण क्रँक पाइपच्या काठावर टेकेल. सायकल दोन्ही चाकांवर सरळ उभी, क्रँक आडवा, पिनची नटाची बाजू वर, आणि जमिनीपासून क्रँकच्या खालच्या अंगापर्यंत जेवढी उंची भरेल तेवढाच पाइप कापायचा, पाव इंच कमी नाही जास्त नाही. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी बरोबर येईल एवढाच सैल करा म्हणजे आटे वाचतात. आदल्या रात्री थोडं तेल सोडून ठेवा, मग वर लाकडाचा कठीण ठोकळा ठेवून एकच जोरदार फटका, दहा हळू फटक्यांनी पिन फक्त फुगते. पाइप असला की मार जमिनीत जातो, बेअरिंग वाचतात. मला विचाराल तर घरगुती हत्यारांत हे एकच जरी केलंत तरी चालेल, एवढं ते मोलाचं आहे.

चाकाची आउट (डावी-उजवी डगमग) काढायला सायकल उलटी करून कपड्यांचा चिमटा फोर्कला लावा, त्यात स्पोकचा तुकडा धरून टोक रिमपासून केसभर लांब ठेवा आणि चाक फिरवा. टोक जिथे घासतं तिथे रिम त्या बाजूला सरकलीय, मग पलीकडच्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळा, पाव म्हणजे पावच, आणि पुन्हा फिरवून बघा. निपलचा (स्पोक आवळायच्या रिमजवळच्या छोट्या नटाचा) पाना मात्र विकतच घ्या, पकडीने निपल गोल होतात.

गियरवाली सायकल असेल तर जुन्या चेनचा फूटभर तुकडा लोखंडी पट्टीच्या टोकाला भोक पाडून बोल्टने पक्का करा, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) काढताना ती फिरू नये म्हणून हा धरायचा. चेन दात्यांवर गुंडाळून पट्टी पेडल मारल्यावर चाक फिरतं त्या दिशेला दाबून धरा, लॉकरिंग (कॅसेट बाहेरून घट्ट धरणारी कडी) उलट्या दिशेला सोडवा. लॉकरिंग सोडवायचा खाचांचा पाना मात्र विकतचाच लागतो, छिन्नीने ठोकू नका.

सफाईला नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेचून ब्रश करा, लाल मातीला प्लास्टिकच्या ब्रशपेक्षा हा भारी. दात्यांच्या मधला चिखल काढायला जाळ्याच्या जुन्या दोरीचा तुकडा मागेपुढे ओढा. टायर काढायला स्क्रूड्रायव्हर नको, ट्यूब चिमटते, जुन्या बांबूची चपटी पट्टी तासून टोक गुळगुळीत करा, दोन असल्या की पुरे. चेनला खोबरेल तेल घालणारे बरेच आहेत, पण ते साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि थंडीच्या पहाटे चेन जड जाते, त्यापेक्षा साधं मशीनचं तेल घाला आणि वरचं पुसून टाका.

ही सगळी हत्यारंही गंजतात बरं का. जुनी ट्यूब उभी चिरून धुवून कोरडी करा, हत्यारांना तेलाचं फडकं फिरवा, त्यात गुंडाळा आणि ट्यूबच्याच पट्टीने बांधून चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुन्हा पुसा.