कापसाच्या काट्यावर उमगलेले अजाइल : सॉफ्टवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

विदर्भातील तालुक्याच्या गावांत शिकून सॉफ्टवेअरच्या नोकरीत येणाऱ्या मुलामुलींच्या कानावर पहिल्याच आठवड्यात स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा), बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), स्टँडअप (रोजची छोटी बैठक), रेट्रो (झालेल्या टप्प्याचा आढावा) असे शब्द पडतात आणि अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत तयार करण्याची पद्धत, हे ठरावीक बैठकांचे वेळापत्रकच आहे, अशी अनेकांची समजूत होऊन बसते. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, कापूस खरेदीची प्रणाली तयार करणाऱ्या छोट्या टीममध्ये मी काम केले. त्या कामातून माझे मत पक्के झाले, ते असे : जो माणूस सॉफ्टवेअर वापरणार आहे त्याच्या हाती चालणारा भाग लवकर द्यायचा आणि त्याच्या वापरातून जे दिसेल त्यावरून पुढचे काम ठरवायचे, यातच या पद्धतीचा खरा लाभ आहे. बैठका हे केवळ त्याचे साधन आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे 17 जाणकार एकत्र आले आणि त्यांनी अजाइलचा 4 मूल्यांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याला 12 तत्त्वांची जोड आहे. सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाच्या सहभागाला त्यात अधिक महत्त्व दिले आहे. दस्तऐवज नकोत, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. स्प्रिंटमध्ये काम करण्याची स्क्रम ही चौकट त्याहून जुनी असून केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी ती 1995 मध्ये मांडली, तर कानबानचे, म्हणजे कामे बोर्डावर मांडून पुढे सरकवण्याच्या पद्धतीचे, मूळ टोयोटाच्या कारखान्यांत आहे. अजाइल आणि स्क्रम एकच, असे मुलाखतीत सांगू नका; स्क्रम हा अजाइलचा एक मार्ग आहे.

आता जिनिंगकडे येतो. तेथे पूर्वी एका कंपनीकडून घेतलेली प्रणाली संगणकात पडून होती. तिच्या गरजांचा जाडजूड दस्तऐवज तयार झाला होता, त्यावर सह्याही झाल्या होत्या आणि ऐन हंगामात सगळे सॉफ्टवेअर एकदम हाती आले होते. तरीही दिवाणजी आठवडाभरात पुन्हा वहीकडे वळले. दस्तऐवजात लिहिलेली खरेदी आणि आवारात प्रत्यक्ष होणारी खरेदी यांचा मेळच नव्हता.

आम्ही दोन आठवड्यांचा स्प्रिंट ठरवला आणि पहिल्या स्प्रिंटमध्ये एकच काम घेतले : भरलेली गाडी काट्यावर येते, तिचे वजन नोंदले जाते, गाडी रिकामी झाल्यावर पुन्हा तोलली जाते आणि निव्वळ वजनाची पावती निघते. भाव, ओलाव्याची कपात, शेतकऱ्याच्या बँक खात्यात रक्कम जमा करणे, हे सारे आम्ही पुढे ढकलले. स्प्रिंटच्या शेवटी डेमो कार्यालयात न ठेवता काट्याच्या खोलीत ठेवला आणि माउस दिवाणजींच्या हाती दिला. पहिली गाडी व्यवस्थित नोंदली गेली. दुसरी गाडी येताच दिवाणजींनी विचारले, “पहिली गाडी तर अजून गंजीवर खाली होत आहे, मग हिचे वजन कोठे लिहू?” आमचा पडदा एक गाडी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी घेतच नव्हता, आवारात मात्र एकाच वेळी डझनभर गाड्या असतात आणि ज्या क्रमाने त्या भरलेल्या येतात त्याच क्रमाने रिकाम्या होतात असे नाही. त्याच दुपारी आणखी एक गोष्ट दिसली. एकाच ट्रॉलीत दोन भावांचा कापूस होता आणि दोघांनाही स्वतंत्र पावती हवी होती. गरजा लिहून घेण्याच्या बैठकीत या दोन्ही गोष्टी कोणी सांगितल्या नसत्या, कारण काट्यावर रोज बसणाऱ्याला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. हे हंगामाच्या सुरुवातीला, दोन आठवड्यांच्या कामावर कळले. सहा महिन्यांच्या कामानंतर कळले असते तर डेटाबेसची रचनाच उपटून काढावी लागली असती.

म्हणून कामाचे तुकडे कसे पाडायचे, हे कौशल्य मी नवशिक्यांसाठी सर्वांत मोलाचे मानतो. महाविद्यालयातून आलेली मुले साधारणपणे आधी सगळे टेबल, मग सगळी एपीआय (पडदा आणि डेटाबेस यांना जोडणारा कोड), शेवटी सगळे पडदे, असे थर रचतात. अशा कामात शेवटचा थर येईपर्यंत दाखवण्यासारखे काहीच नसते. तुकडा असा उभा पाडावा की तो लहान असला तरी वापरणाऱ्याचे एखादे काम पूर्ण करील. ओलाव्याचेच उदाहरण घ्या. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात आणि त्यापुढे नकार, असा नियम आहे. खासगी व्यापारी मात्र कापूस पाहून भाव ठरवतो. आम्ही आधी केवळ ओलाव्याची नोंद आणि पावतीवर तिची छपाई दिली, कपातीचे गणित पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतले आणि खासगी भावासाठी साधा हाताने भरायचा रकाना ठेवला. प्रत्येक तुकडा दुसऱ्या दिवसापासून वापरात होता.

‘काम पूर्ण’ कशाला म्हणायचे, हेही टीमने आधीच लिहून ठेवावे. आमच्याकडे कोड रिव्ह्यू आणि टेस्टिंग यांच्या जोडीला एक अट होती : इंटरनेट बंद असताना पावती निघाली पाहिजे आणि इंटरनेट परत आल्यावर नोंद आपोआप सर्व्हरवर गेली पाहिजे. खेड्यातल्या जिनिंगमध्ये ही अट नसती, तर बाकी सारे व्यर्थ होते.

दैनंदिन स्टँडअपबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आपल्याकडची मुले तेथेच अवघडतात. मोठ्यांसमोर अडचण सांगणे म्हणजे कमीपणा, असे संस्कार घेऊन आपण येतो. त्यात नागपूर-पुण्याच्या टीममध्ये बोलणे इंग्रजीत चालते, त्यामुळे ‘काम चालू आहे, सर’ एवढे म्हणून मुले गप्प होतात. स्टँडअप ही हजेरी नव्हे. ती 15 मिनिटे स्प्रिंटच्या उद्दिष्टाकडे पाहून आजचा बेत बदलण्यासाठी असतात. काल काय केले, आज काय करणार आणि अडथळा कोणता, हे तीन प्रश्नसुद्धा स्क्रमच्या 2020 च्या मार्गदर्शिकेतून वगळले आहेत. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने जसे सांगितले तसे सांगावे : “काट्यावरून सिरियल पोर्टने वजन येत आहे, पण मधूनच शेवटचा अंक गळतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुटले नाही तर दादा, तुम्ही अर्धा तास माझ्यासोबत बसा.” नेमकी अडचण, स्वतःला दिलेली मुदत आणि मदतीची स्पष्ट मागणी, हे तिन्ही त्यात आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आदल्या संध्याकाळी दोन वाक्ये लिहून ठेवा. काही महिन्यांत त्याची गरज राहत नाही.

कानबानकडून आम्ही एकच गोष्ट घेतली, हाती असलेल्या कामांची मर्यादा. बोर्डावर टेस्टिंगच्या रकान्यात तीन कामे साचली की कोणीही नवे काम उचलायचे नाही, कोड लिहिणाऱ्यानेही टेस्टिंगला बसायचे. सुरुवातीला हे अनेकांना जाचते, परंतु अर्धवट कामांचा ढीग वाढण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. स्टोरी पॉइंटची, म्हणजे काम किती मोठे आहे याच्या अंदाजी गुणांची, मात्र फार चिंता करू नये. ते टीमच्या स्वतःच्या अंदाजासाठी असतात आणि दोन टीमची तुलना त्यांवरून करणे चुकीचे आहे.

ज्या ठिकाणी वापरणारा माणूस भेटतच नाही आणि सारी व्याप्ती निविदेत बांधलेली असते, तेथे स्प्रिंट पाळूनही फारसे हाती लागत नाही. अशा जागी निदान खात्यातील एखादा प्रत्यक्ष काम करणारा कर्मचारी डेमोला यावा यासाठी आग्रह धरावा.

प्रमाणपत्रासाठी आधीच पैसे खर्च करू नका. स्क्रमची मार्गदर्शिका मोफत मिळते आणि एका बैठकीत वाचून होते. अमरावती, पुसद, शेगाव येथील अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर प्रकल्पासाठी गावातलेच कृषी सेवा केंद्र किंवा दूध संकलन केंद्र निवडा, त्यांच्या एका वहीचे एक पान संगणकावर आणा आणि दर दोन आठवड्यांनी ते दुकानदार काकांच्या हाती देऊन शेजारी शांत बसा. ते कोठे थांबतात, कोणता रकाना मोकळा सोडतात आणि पुन्हा वही कधी उघडतात, हे टिपून ठेवा. पुढच्या स्प्रिंटचा बॅकलॉग त्यातूनच तयार होतो.