बारशाचे फोटो, घरातला हॉल आणि फ्लॅशचा डिफ्युजर

हॉल जेमतेम 10 बाय 15 फूट, पाळण्याभोवती दहाबारा बायका, वर एक ट्यूबलाईट, आणि समोरून सरळ फ्लॅश मारला की सगळ्यांची कपाळं चकाकतात, नथीतले मोती पांढरेफटक होतात आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळीकुट्ट सावली. मग कोणीतरी सांगतं डिफ्युजर लाव, म्हणजे फ्लॅशवर बसणारी पांढरी प्लास्टिकची टोपी. लावा की, पण तो करतो काय ते आधी समजून घ्या.

उजेड मऊ होतो तो पांढऱ्या प्लास्टिकमुळे नाही, उजेड येतो ती जागा माणसाच्या मानाने किती मोठी आहे त्यावर सगळं ठरतं. ढगाळ दिवशी सावल्या पुसट असतात कारण अख्खं आभाळच दिवा झालेलं असतं. आता फ्लॅशवर बसणारी ती टोपी बघा, फ्लॅशच्या डोक्यापेक्षा कितीशी मोठी असते? ती लावून सरळ तोंडावर मारलात तर सावली जवळपास तेवढीच कडक येणार, वर टोपी एखादा स्टॉप, म्हणजे जवळपास निम्मा, उजेड खाणार आणि बॅटरी लवकर संपणार. टोपीचं खरं काम म्हणजे उजेड चहूकडे उधळणं, तो छताला भिंतींना आपटून परत येतो आणि तुमची खोलीच डिफ्युजर होऊन जाते.

म्हणून फ्लॅशचं डोकं साधारण 60 अंश वर करा, बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे थोडं वळवलं तर अजून छान, चेहऱ्याला उठाव येतो. अगदी सरळ वर केलं तर डोळ्यांखाली खळगे दिसतात, तेव्हा फ्लॅशच्या मागे रबरबँडने पांढरं कार्ड उभं लावा, थोडा उजेड पुढे येतो. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिकडे अजिबात मारू नका, बाळ पोपटी दिसेल! आणि गावचं कौलारू घर असेल तर वर आपटायला काहीच नाही, मग टोपी विसरा, कोणाला तरी थर्माकोलची मोठी शीट बाजूला धरायला सांगा आणि त्यावर फ्लॅश मारा, जितकी जवळ तितका उजेड मऊ.

कॅमेऱ्यातलाच छोटा फ्लॅश असेल तर बटर पेपर त्याला चिकटवू नका, चार बोटं पुढे धरा म्हणजे उजेडाची जागा जरा मोठी होते.

सेटिंग मी एफ/4 (लेन्सचं छिद्र), आयएसओ 800 (सेन्सरची संवेदनशीलता) आणि शटर 1/100 सेकंदापासून सुरू करते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात, 1/50 किंवा 1/100 ला ते टळतात. समईची ज्योत आणि खोलीतला उजेड जास्त हवा असेल तर 1/50. पांढऱ्या भिंतीमुळे टीटीएल (कॅमेरा स्वतःच फ्लॅशचा जोर ठरवतो तो मोड) फसतो आणि फोटो काळपट येतो, फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा जोर कमीजास्त करायची सेटिंग) +0.7 करून बघा. पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, नाहीतर चेहरे निळसर आणि मागची खोली पिवळी होते.

बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" चालतं ना, तेवढ्यात चारपाच टेस्ट शॉट घेऊन एक्सपोजर पक्कं करा, म्हणजे बाळ आल्यावर त्याच्यावर उगाच फ्लॅश मारत बसावं लागत नाही.