अन्ननलिकेच्या अ‍ॅलर्जीसोबत रोजचं जेवण

दर घासाला पाण्याचा घोट. पोळी आमटीत पुरती भिजवल्याशिवाय खायची नाही. चिकनला नको म्हणायचं. मोठी गोळी बघितली की पोटात गोळा येतो, आणि सगळ्यांची ताटं उचलली तरी आपलं अर्धं जेवण बाकीच. अशी वर्षं जातात आणि घरात त्याला 'सावकाश जेवायची सवय' म्हणतात. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, डॉक्टरांच्या तोंडी ईओई, या आजारात या सवयीच खरी खूण असतात. त्या इतक्या अंगवळणी पडतात की डॉक्टरांनी 'गिळताना त्रास होतो का?' असं विचारलं तर माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणून तपासणीला जाताना जेवायला किती वेळ लागतो, किती पाणी लागतं आणि कोणते पदार्थ टाळता, हे लिहून न्या. लहान मुलांत चित्र वेगळं असतं: उलट्या, पोटदुखी, घास तोंडात धरून बसणं, वजन न वाढणं.

आत काय होतं ते थोडक्यात. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात एरवी नसतात. ईओईत त्या, बहुतेक वेळा अन्नातल्या प्रथिनांमुळे, तिथे जमतात. अस्तर सुजतं, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली तर व्रण धरून नळी कडक आणि अरुंद होते. निदानासाठी दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) अस्तराचे तुकडे काढावे लागतात: वरच्या आणि खालच्या भागातून मिळून किमान 6. सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे खूप मोठं करून बघितलेल्या एका भागात, 15 किंवा त्याहून जास्त इओसिनोफिल दिसले, सोबत लक्षणं असली आणि दुसरं कारण सापडलं नाही, की ईओई. नळी डोळ्यांना अगदी साधी दिसली तरी तुकडे घ्यायलाच हवेत. नुसती 'एंडोस्कोपी नॉर्मल' ऐकून ईओई नाही असं समजू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: बरं वाटणं आणि सूज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट चावून, पाण्याबरोबर खाणाऱ्याला त्रास जाणवत नाही, पण आत सूज तशीच असू शकते. उलट सूज गेली तरी नळी अरुंद राहिली असेल तर घास अडकतो. म्हणून औषध किंवा आहार, काहीही बदललं की 8 ते 12 आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण आणि पुन्हा तुकडे. हे कंटाळवाणं आहे, खर्चाचंही आहे, पण याला दुसरा भरवशाचा मार्ग नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दूध बंद आणि गोळी चालू एकाच दिवशी केलं, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

औषधांत सुरुवात बऱ्याचदा ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी होते. मोठ्यांना सहसा दिवसातून दोनदा, 8 ते 12 आठवडे. गोळी नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी. जळजळ झाली की एक घेतली, असं इथे चालत नाही.

दुसरं औषध म्हणजे गिळायचं स्टेरॉइड. ते पोटासाठी नसून अन्ननलिकेला आतून लेप बसावा म्हणून आहे, आणि चुका होतात त्या इथेच. नेब्युलायझरसाठी मिळणाऱ्या बुडेसोनाइडच्या 2 मिलीच्या कुप्या असतात, 0.5 किंवा 1 मिलिग्रॅमच्या. मोठ्यांचा नेहमीचा डोस दिवसाला 2 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. मुलांचा डोस डॉक्टर ठरवतात. कुपीतलं औषध पाण्यासारखं पातळ असतं, तसंच गिळलं तर सरळ पोटात जातं. म्हणून छोट्या वाटीत एक-दोन चमचे मध घ्या, त्यात कुपी पिळा आणि एकजीव होईपर्यंत ढवळा. चमचा तिरका केला की मिश्रण काकवीसारखं हळू ओघळलं पाहिजे. मधाऐवजी सुक्रालोजची पूडही चालते. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. मिश्रण थोडं थोडं करून पाचेक मिनिटांत गिळा, त्यानंतर किमान अर्धा तास खाणं-पिणं बंद, मग चूळ भरून थुंका. रात्रीचा डोस जेवण, दात घासणं, पाणी सगळं उरकल्यावर, अगदी शेवटी. फ्लुटिकासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा पंप दिला असेल तर स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावायचा नाही. पंप हलवून, श्वास रोखून फवारा तोंडात घ्यायचा आणि गिळायचा. श्वासाबरोबर ओढलात तर औषध फुप्फुसात जाईल आणि अन्ननलिका कोरडीच राहील. जिभेवर पांढरे डाग आले किंवा गिळताना नव्याने दुखू लागलं तर ती बहुधा बुरशी असते. त्यावर गोळ्या आहेत, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड मनाने बंद करू नका, कारण औषध थांबलं की हा आजार बहुतेकांत परत येतो. डुपिलुमॅबचं इंजेक्शनही आहे, त्याला अमेरिकेत 2022 मध्ये ईओईसाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे आणि सहसा बाकीचे उपाय लागू पडले नाहीत तर त्याचा विचार होतो.

आता आहार. रक्ताची किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी तपासणी करून लांबलचक यादी आणू नका. ईओईत कोणता पदार्थ नडतो ते या तपासण्या भरवशाने सांगत नाहीत. त्या यादीमुळे लोक वांगं, केळं, लिंबू सोडून बसतात आणि दूध पीतच राहतात. नेहमीचे सहा संशयित ठरलेले आहेत: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे व सुकामेवा, मासे व कोळंबी-खेकडे. सहाही एकदम सोडायची गरज सहसा नसते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नुसतं दूध सोडलेल्या प्रौढांपैकी सुमारे 34 टक्के आणि सहाही सोडलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांची सूज उतरली, म्हणजे फारसा फरक नाही. म्हणून दुधापासून सुरुवात करा, 8 ते 12 आठवडे, आणि मग दुर्बीण.

दूध म्हणजे गाय, म्हैस, शेळी सगळंच. दही, ताक, पनीर, खवा, श्रीखंड, लोणी बंद. तुपातही प्रथिनांचा अंश राहतो, तेव्हा चाचणीच्या काळात तेही नको. सोलकढी नारळाची असते, ती चालते. कढी नाही. पाव, बिस्किटं, नान, हॉटेलची ग्रेव्ही यांत दूध लपलेलं असतं. पाकिटावर अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती 'कंटेन्स' या शब्दापुढे छापलेली असते, ती ओळ आधी वाचा. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिन' हे सगळं दूधच. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि दूध एकत्र असतं. पंचामृत आणि शिरा हातावर घेऊन कपाळाला लावला तरी पुरे, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मुलांच्या बाबतीत आहारतज्ज्ञाशिवाय काहीही बंद करू नका.

गहू सोडायची वेळ आली तर पोळीबरोबर रवा, मैदा, शेवया आणि दलियाही जातात. दोन जागा हमखास सुटतात. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठात केलेला हिंग मिळतो, तो आणा. दुसरी जागा गिरणी: गव्हामागोमाग दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ उतरतं. गिरणीवाल्याला सांगून दुसऱ्या कुणाच्या ज्वारीनंतर आपलं दळण टाका. भाकरी कोरडी असते, ती गरम असतानाच आमटीत कुस्करा. शेंगदाणे बंद असतील तर कूट पडणाऱ्या भाज्या, कोशिंबिरी आणि साबुदाण्याची खिचडी आठवा. कुटाऐवजी ओलं खोबरं घालता येतं. घाण्याचं शेंगदाणा तेलही नको.

सूज उतरली की पदार्थ एकेक करून परत आणायचा, रोजच्या भरपूर प्रमाणात, आणि पुन्हा तपासायचं. गणपती आणि दिवाळी मध्ये येणार नाहीत असे आठवडे निवडा. बराच काळ सोडलेला पदार्थ परत घेताना काहींना, विशेषतः मुलांना, अंगावर पित्त उठणं, ओठ-चेहरा सुजणं, दम लागणं अशी तात्काळ अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून पहिला घास डॉक्टरांना विचारूनच.

नळी अरुंद झाली असेल तर ती दुर्बिणीतून फुगा घालून हळूहळू रुंद करतात. नंतर एक-दोन दिवस छातीत दुखणं साधारण आहे. पण रुंद केल्याने सूज जात नाही, औषध किंवा आहार चालूच ठेवावा लागतो.

घास अडकला तर आधी हे बघा: बोलता येतंय का, श्वास घेता येतोय का? येत नसेल तर घास श्वासनलिकेत आहे. लगेच पाठीवर जोरात थापा, मग पोटावर दाब, आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. बोलता येत असेल तर घास अन्ननलिकेत आहे. ताठ बसा, खाणं थांबवा, थुंकी बाहेर टाका. माशाचा काटा अडकल्यावर भाताचा गोळा किंवा केळं गिळायला सांगतात, तो उपाय इथे करू नका. घासावर घास चढतो. घशात बोट घालून उलटी काढू नका, सुजलेली नळी जोरात ओकताना फाटू शकते. थुंकीही गिळता येत नसेल तर वाट न बघता रुग्णालयात जा. थुंकी जात असली तरी घास सुटला नाही तर त्याच दिवशी जा. चोवीस तासांपलीकडे ठेवायचं नाही. छातीत असह्य दुखलं, ताप आला किंवा मानेची त्वचा दाबल्यावर कुरकुर लागली तर क्षणही दवडू नका.

रात्री एंडोस्कोपी होते असं जवळचं रुग्णालय आजच शोधून नंबर मोबाइलमध्ये ठेवा, जुन्या रिपोर्टांचे फोटोही. आणि घास काढायला दुर्बीण घालतील तेव्हा तुकडेही घ्यायला सांगा. घास निघाला की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं, आणि नेमके तेच राहून जातात.